वॉर्निशखालचं तांबं

दादाने समुद्रासमोर घर बांधलं आणि आईचं तांब्याचं घंगाळ शोभेला दिवाणखान्यात ठेवलं. घासायला नको म्हणून वर वॉर्निश मारलं. आई ते रोज चिंचेने घासायची. खारी, दमट हवा रात्रभरात जे हिरवं चढवी, ते सकाळी तिच्या हाताखाली निघून जाई. आता वॉर्निशच्या आत हिरवं पसरलंय. डोळ्यांना दिसतं, पण चिंच तिथवर पोचत नाही.

"सगळं खरवडावं लागेल," मी म्हटलं.

"राहू दे रे. वरून गुळगुळीत आहे ना?" दादा म्हणाला.

आई होती तेव्हा आम्ही अरेतुरे करत कडाकडा भांडायचो आणि लगेच एका ताटात जेवायचो. ती गेल्यापासून एकमेकांना शब्दानेही दुखावलेलं नाही. नातेवाईक याला समजूतदारपणा म्हणतात.

"चहा घेणार का?" दादाने अदबीने विचारलं.

"नको," मी म्हटलं, "उगाच तुम्हाला त्रास."