काल चालत होतं ना?

"काल चालत व्हतं ना? मग काय बदललं, ते आदी सांगा."

कुणी इंजिनिअर घाबराघुबरा होऊन आला की बाईंचं हे ठरलेलं वाक्य. चष्मा कपाळावर चढवायच्या आणि संगणकाकडे न बघता माणसाकडे बघायच्या. तो "काहीच नाही बदललं" म्हणाला की हसायच्या. "आसं कसं? उगाच रुसाया त्यो काय जावई हाय?"

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत मी भरतीचं काम बघतो. 'चांगले इंजिनिअर मिळतच नाहीत' हे रडगाणं तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. गाणाऱ्यांत मी पुढेच असतो.

बाई आमच्याकडे तीन वर्षं कंत्राटावर होत्या. बीएस्सी झालेल्या, राहायला भूगावात. आधी पौडला कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. आमच्याकडे कायम नोकरीतल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, कंत्राटी माणसाच्या गळ्यात पिवळी. पिवळ्या पट्टीला प्रोग्रॅममध्ये हात घालायची परवानगी नाही. त्यामुळे चूक बाई शोधायच्या आणि दुरुस्ती कुणीतरी निळा आपल्या नावावर चढवायचा.

एकदा आमच्या बस-बुकिंगच्या प्रोग्रॅममधून एकच सीट दोघादोघांना जायला लागली. चार इंजिनिअर दोन दिवस डोकं आपटत होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. आदल्या आठवड्यात नवा सर्व्हर जोडला होता, एवढंच कळलं. बाईंनी त्याची वेळ बघितली. "ह्याचं घड्याळ चार मिन्टं मागं हाय की!" म्हणजे दुसरीकडून विकली गेलेली सीट या सर्व्हरच्या लेखी आणखी चार मिनिटं रिकामीच असायची. मी शेजारीच चहा पीत उभा होतो. शाबासकीचं प्रमाणपत्र टीमच्या प्रमुखाला मिळालं. त्याचा मजकूर मीच लिहिला.

पुढे वरच्या पदाची एक जागा आठ महिने रिकामी राहिली. बाईंनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा तो आपोआप परत गेला, कारण इंजिनिअरिंगची पदवी नसलेला अर्ज माझ्यापर्यंत येऊच नये, अशी अट मीच घातली होती. वाचायचे कष्ट वाचतात.

"सायेब, माजा अर्ज वाचला का कुणी?" त्यांनी विचारलं.

"वाचला ना," मी म्हणालो. मग लाज वाटली आणि गुपचूप त्यांचं नाव मुलाखतीच्या यादीत घातलं.

मुलाखतीला पहिलाच प्रश्न आला, 'एकच सीट दोघांना जाते, तर चूक कुठे?' त्या प्रमाणपत्रापासून हा आमचा ठेवणीतला प्रश्न झाला होता. उत्तर प्रमुखानं लिहून ठेवलेलं, त्याच्या समजुतीप्रमाणे आणि साफ चुकीचं. बाई खळखळून हसल्या. "आवो, ह्ये तर मीच काढलं व्हतं! घड्याळ मागं व्हतं."

समोर तोच प्रमुख बसला होता. त्यानं मान वर केली नाही. शेरा आला : 'उत्तर चूक. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेते.' कागद सहीसाठी माझ्याकडे आला. मी सही केली. का केली, याचं बरं दिसेल असं कारण आजही माझ्याकडे नाही. प्रमुखाशी वाकडं नको होतं, इतकंच.

महिनाअखेरीला बाई पिवळी पट्टी परत द्यायला आल्या. पट्टीची नीट घडी घालून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"तुमी तर तितंच व्हता की, सायेब."

आता त्या पिरंगुटच्या एका कारखान्यात आहेत. मालकानं पदवी विचारली नाही. बंद पडलेल्या मशीनसमोर नेऊन उभं केलं आणि दुपारी कामावर घेतलं.

आमची जागा अजून रिकामीच आहे. काखेत कळसा होता, तो आम्हीच फेकून दिला आणि आता गावाला वळसे घालतो आहोत.

गेल्या आठवड्यात सीटा पुन्हा दोघादोघांना जायला लागल्या. प्रमुखाला चूक सापडेना, तेव्हा वरून हुकूम आला, बाईंना विचारा. मी फोन लावला. मागे मशिनींचा खडखडाट चालू होता.

"काल चालत व्हतं ना?" बाई म्हणाल्या. "मग काय बदललं, ते आदी सांगा."

"काहीच नाही बदललं, बाई," मी म्हणालो.

या वेळी त्या हसल्या नाहीत.