हवावाले भाऊंचा बांध

अनया आणि निहार, परवा वरसे नाक्यावरची हवावाले भाऊंची टपरी उचलून नेली. भाऊ माघात गेले, हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते कोण होते, हे सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

टायरमधली गळती शोधताना ते कुणाला बोलू देत नसत. कापलेल्या पिंपातल्या पाण्यात चाक बुडवायचं आणि उकिडवं बसून नुसतं बघत राहायचं. कुणी घाई केली की म्हणायचे, "मंग हवा भरून जा. उद्या परत ये."

आमच्या गाडीचं पुढचं चाक रोज सकाळी बसलेलं असे. तुमच्या आजोबांना डायलिसिससाठी रोह्याहून पेणला न्यावं लागतं, आणि ते चुकवून चालत नाही. बाकीच्या पंक्चरवाल्यांनी खिळा शोधला, सापडला नाही, तेव्हा हवा भरून आम्हाला वाटेला लावलं. भाऊ मात्र बसून राहिले. बऱ्याच वेळाने रिमच्या कडेला तिळाएवढे बुडबुडे आले. रिम गंजली होती, टायर तिला घट्ट बसत नव्हता. त्यांनी टायर उतरवून गंज घासायला घेतला.

बाकावरून आजोबा म्हणाले, "भाऊ, मलाही बुडवून बघा, कुठून गळतोय ते."

"तुमची हवा तोंडातनं जाते, साहेब. त्याला इलाज नाय."

हे बघत बसणं भाऊ लहानपणीच शिकले होते, धरमतर खाडीच्या बांधावर. खेकडे बांधाला बिळं पाडतात आणि खारं पाणी भातात झिरपतं. भरतीला बसून ती बिळं हेरायची आणि चिखलाने बुजवायची. एका उधाणात बांधच फुटला. शेत खाडीत गेलं, तिथे खारफुटीची तिवरं वाढली आणि भाऊ रोह्याला आले. बांध परत घालणं काही एकट्याने होत नाही, सगळ्यांनी उतरावं लागतं. बाकीचे शेतकरी कंपनीत लागले होते. भाऊ दरवर्षी गावात जाऊन त्यांना विनवून येत. पुतण्या जमीन विका म्हणे. "खाऱ्या पान्याखाली हाय, पन हाय," एवढंच त्याला उत्तर मिळे.

गेल्या वर्षी एकदा आजोबांना पेणला मशीनवर सोडून मी भाऊंना धरमतरला नेलं. समोर मोठं भगदाड होतं. अलीकडे बांधाचा थोडा तुकडा उरला होता. त्यात एक बीळ दिसलं, तशी त्यांनी चिखलाचा गोळा केला.

"भाऊ, पलीकडे बांधच नाही."

"मला दिसतंय गो बाय." ते दुसरं बीळ शोधू लागले.

मग हात धुऊन म्हणाले, "चल, साहेबांची सुई काढायची येळ झाली. तू बी अडकलीस, मी बी."

गेल्या आठवड्यात आजोबांना आत सोडून मी एकटीच तिथे जाऊन आले. भगदाड आणखी रुंदावलं आहे. भाऊंनी बुजवलेला तुकडा उभा आहे.