बेटावर गेलेल्या विहीणबाई

जगात विहिणी दोनच प्रकारच्या असतात, अशी मुलीच्या लग्नापर्यंत माझी ठाम समजूत होती. एक रुसलेल्या आणि दुसऱ्या रुसायच्या बेतात असलेल्या. आमच्या विहीणबाई या दोन्हींत बसल्या नाहीत. त्या बेटावर गेलेल्या असतात. दिवाळसणाचं विचारायला फोन करावा तर त्या बेटावर. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन जावं तर दाराला कुलूप, आणि समोरच्या गुजराती भाभी सांगणार, "आंटी तो टापू पे गयी है." भारताच्या नकाशावर समुद्रात जे बारीक ठिपके असतात, ज्यांना आपण छपाईतला डाग समजून नखाने खरवडून बघतो, त्यांतल्या बऱ्याच ठिपक्यांवर ही बाई तंबू ठोकून राहून आलेली आहे. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे, बिऱ्हाड मीरा रोडला अकराव्या मजल्यावर. आणि बेटावर जाऊन करायचं काय, तर संध्याकाळी गप्प बसून पक्षी ऐकायचे.

ऐकायचे, बघायचे नाहीत. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. चेहरा न बघता आवाजावरून माणूस ओळखायची जी सवय तिथे लागली, ती निवृत्तीनंतर त्यांनी पाखरांना लावली. मी एकदा विचारलं, "पण एकदा तरी बघावासा वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "दिसणाऱ्या पक्ष्यांना बघायला पुष्कळ लोक आहेत, व्याही. जो लपूनच बसतो, त्याच्यासाठी कोणी बसायला नको?" मी पोहे खाल्ले.

या लपणाऱ्या मंडळींत त्यांची सगळ्यात लाडकी म्हणजे फटाकडी. हे एका पक्ष्याचं नाव आहे, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. कोंबडीच्या पिलाएवढा तांबूस पक्षी, पाणथळीतल्या गवतात राहतो, माणसाची चाहूल लागली की नाहीसा होतो आणि फक्त तिन्हीसांजेला तोंड उघडतो. पण आमच्या घरी पहिल्या दिवाळीला पंगतीत बसल्या बसल्या विहीणबाई जेव्हा म्हणाल्या, "गेला आठवडाभर मी एका फटाकडीच्या मागे चिखलात बसून होते," तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या वडील बंधूंनी हातातली पुरी खाली ठेवली. ते जुन्या वळणाचे आहेत. जेवण होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. जाताना मला जिन्यात गाठून म्हणाले, "माणसं चांगली बघून दिलीस ना रे पोरगी?"

बेटावर जायच्या आधी विहीणबाई तंबूची रंगीत तालीम घेतात आणि ती सोसायटीच्या गच्चीवर होते. चार पाण्याच्या टाक्या आणि डिशच्या छत्र्या यांच्यामध्ये निळा तंबू उभा राहतो आणि त्या त्यात झोपतात. एकदा सेक्रेटरी वर आले. "आंटीजी, टेरेस पे तंबू अलाउड नहीं है. कल कोई और लगाएगा." विहीणबाईंनी तंबूची चेन थोडी खाली ओढली, तेवढ्यातून डोकं बाहेर काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "लगाने दो ना. मैं सिखा देगी." पुढच्या महिन्यात सेक्रेटरींची बायको आणि सून दोघी तिथे तंबू बांधायला शिकत होत्या, असं जावई सांगतात. जावयांवर मी अविश्वास दाखवत नाही.

त्यांच्या घरी दिवेलागणीला जाऊ नये. मी एकदा चुकून संत्र्यांची पेटी घेऊन गेलो. दार उघडलं, पण 'या' नाही, 'बसा' नाही, ओठांवर बोट. आत टीव्ही बंद, पंखा बंद, फ्रीजसुद्धा बंद. त्या बाल्कनीत कानामागे हात धरून बसल्या आणि मी दाराशी चपलांच्या कपाटावर पेटी मांडीवर घेऊन. खाली मीरा रोडच्या रिक्षा आपापसात बोलत होत्या, भाजीवाले ओरडत होते, कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना सनई वाजवत होती. अंधार पडल्यावर त्या आत आल्या. "काही विशेष नाही. एक कोकीळ भलत्याच महिन्यात गातोय," म्हणाल्या, "तुम्ही कधी आलात?"

मला या सगळ्याची गंमत वाटायची. आमच्या हिला वाटत नव्हती, आणि त्याचं कारण लग्नातच घडलं होतं.

लग्न गोरज मुहूर्ताचं, हॉल आमच्या भाईंदर पश्चिमेचा, मागे मिठागरं आणि तिवरांची झाडी. अक्षता पडल्या, पुढचे विधी झाले आणि गुरुजींनी सूनमुखाला बोलावलं. सासूने नव्या सुनेला जवळ घेऊन तिचं तोंड आरशात बघायचं, आणि सासूच जागेवर नाही. वरच्या मजल्यावर शोधलं, स्वयंपाकाकडे शोधलं. शेवटी त्यांच्या जाऊबाईंनी बसून सूनमुख उरकलं. विहीणबाई सापडल्या हॉलच्या मागे, पैठणी पोटरीपर्यंत खोचून, मिठागराच्या बांधावर, चिखलात. "पाखरू बोलत होतं," एवढंच त्यांनी सांगितलं. सगळा हॉल हसला. त्यांच्याकडचेही हसले. ही हसली नाही. "माझ्या लेकीचं तोंड बघायच्या वेळेला या बाईला पाखरू सुचलं," हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं, की कामाला येणाऱ्या बाईंनाही ते पाठ झालं. समोरासमोर ही विहीणबाईंशी वागायची अगदी रीतीने. पाट मांडायची, वाकून नमस्कार करायची आणि चकार शब्द बोलायची नाही.

लेकीला दिवस गेले तेव्हा तिने हे निकाली काढायचं ठरवलं. "माझ्या डोहाळजेवणाला तुम्ही दोघी दोन कोपऱ्यांत बसणार असाल तर मला ते करायचंच नाही," तिने आईला बजावलं. सासूलाही तिने तेच सांगितलं असावं, कारण चार दिवसांत विहीणबाईंचं आमंत्रण आलं. "मी कोकणात जुव्यावर जातेय. या खेपेला तुम्ही दोघं चला." खाडीतल्या बेटाला तिकडे जुवं म्हणतात. विहिणीचं आमंत्रण मोडता येत नाही, ही रीत हिनेच मला लग्नात शिकवली होती. तिचाच नाइलाज झाला.

होडीवाल्याने आम्हाला गुडघाभर पाण्यात उतरवलं, "परवा सकाळी येतंय," म्हणाला आणि निघून गेला. बेटावर माड, गवत, एक पडकं देऊळ आणि डास. माझी पाठ, हिचा अबोला आणि विहीणबाईंचा उत्साह असे आम्ही तिघं तंबूंत राहिलो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला दलदलीच्या कडेला सतरंजीवर ओळीने बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, डास मारायचा नाही. मी मधे बसायला बघत होतो, पण दोघींनी मला कडेला ढकललं. त्यांचं पहिलं एकमत ते. अंधार पडेपर्यंत बसलो. फटाकडी बोलली नाही. हीसुद्धा बोलली नाही, पण ते नेहमीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. पाण्यावरचा उजेड जाता जाता हिने एकाएकी मान वळवली. मला काही ऐकू आलं नव्हतं. विहीणबाई समोर बघत होत्या, त्यांनाही आलं नव्हतं. हिचे कान तीन खोल्यांपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणारे. तिने विहीणबाईंच्या मनगटावर हात ठेवला आणि डाव्या बाजूच्या गवताकडे बोट केलं. मग आम्हालाही ऐकू आलं. आधी टिक, टिक, आणि मग स्टीलच्या ताटात साबुदाणा ओतावा तसा घरंगळत खाली येणारा आवाज. दोनदा झाला आणि थांबला. हिचा हात तसाच मनगटावर राहिला होता.

"तुमचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे, वहिनी," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

"त्या दिवशी हाच बोलत होता?" हिने विचारलं. लग्नानंतरचा तिचा त्यांना पहिला सरळ प्रश्न.

"हाच."

"आणि याच्यासाठी तुम्ही सूनमुख सोडून गेलात."

"पक्षी होता, वहिनी. खरंच होता. पण नसता तरी मी बाहेर गेले असते." मग त्यांनी सांगितलं. सूनमुखाच्या आधी त्यांच्या चुलतसासूबाई आतल्या खोलीत जाऊबाईंना सांगत होत्या, 'हिचा नवरा नाही, हिने नव्या सुनेचं तोंड बघायला बसू नये. तू बस, ती आपणहून बाजूला झाली तर बरं.' दार अर्धं उघडं होतं. "आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलं मी, ऐकलं कधी नाही. तेवढं एक ऐकलं. मांडवात वाद घालायचा नव्हता. मागच्या दाराने निघाले, तर हा बोलत होता. म्हटलं बरं झालं, सांगायला कारण मिळालं."

"आणि इतकी वर्षं लोकांना हसू दिलंत," ही म्हणाली.

"हसले की पुढे विचारत नाहीत."

"मला सांगायचंत."

"तुम्ही मुलीच्या आई. त्या दिवशी तुमच्या डोक्यावर हेही कुठे घालू?"

ही उठली. मला वाटलं, रडायला गेली. तिने स्टोव्ह पेटवला, दुपारची खिचडी तुपावर गरम केली आणि विहीणबाईंना पानावर बसवून इतका आग्रह केला, की शेवटी त्यांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी खाडीकडे बघत राहिलो. विहिणींच्या मधे पुरुषाने पडू नये.

डोहाळजेवण थाटात झालं. चुलतसासूबाईंना हिने मुद्दाम बोलावलं, मानाचा पाट दिला आणि ओटी भरायला पहिल्यांदा कोण बसणार हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. विहीणबाईंनी पुढे येऊन ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. ते हिने वेचले.

आता नात दुडदुडू लागली आहे. विहीणबाईंचे गुडघे आणखी कुरकुरतात. डॉक्टरांनी होडी बंद करायला सांगितली तेव्हा 'हे शेवटचं' असं म्हणून त्या गेल्या आठवड्यात अंदमानला गेल्या. तिथल्या एका बेटावर फोन लागत नाही. काल संध्याकाळी मी गॅलरीत गेलो, तर ही खाडीकडे तोंड करून उभी होती. मी दिवा लावायला बटणाकडे हात नेला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तिकडे लवकर अंधारतं. आतापर्यंत परत तंबूत आली असेल ना हो ती?"

विहिणीला तिने एकेरी संबोधलं, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "आली असेल." आणि आम्ही तसेच उभे राहिलो.