पाहुण्यांसाठी राखलेली डिस्क

‘वहिनी, हा दिवाणखाना पाहुण्यांसाठी आहे. गल्लीतल्या पोरांसाठी नव्हे!’

‘कुठले पाहुणे, भावजी? तुमचे भाऊ गेल्यापासून या उंबऱ्यावर मांजर तरी आलं का?’

‘ज्या दिवशी ही खोली ओस दिसेल त्या दिवशी मी कुलूप घालणार. सांगून ठेवतो.’

‘घाला. आधी ओस तर पडू द्या!’

कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेत आमची आणि सोयराची भिंत एकच, त्यामुळे ऐकायला कान लावावा लागत नसे. लावला नव्हता असंही नाही.

नवरा गेल्यावर सोयराने बंद दिवाणखाना उघडला, दोन जुने कॉम्प्युटर मांडले आणि पोरांना खेळायला बसवू लागली. तिची चूल त्यावरच चाले. चप्पल बाहेर, हात धुतलेले. चिवड्याच्या बोटांनी बटणांना हात लावला की ती कान धरी. तरी पोरं ‘अक्का, अक्का’ करत येत. धाकटा दीर मानसिंग शेजारच्या गल्लीत राही. त्याला ह्यात घराण्याची अब्रू जाताना दिसे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मोटारींचा एक नवा खेळ आला. सोयराने हौसेने आणला, तर तो उघडेचना! पडद्यावर इंग्रजीत पाटी यायची, मेमरी पुरत नाही. पोरं दोन दिवस थांबली, मग कोपऱ्यापलीकडच्या दुकानात खेळायला गेली. खोली ओस पडली.

ही बातमी मानसिंगला कोणी दिली कोण जाणे. तिसऱ्या दिवशी तो नवं पितळी कुलूप घेऊन हजर. मी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने आधीच आत बसले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गिरीराजही नुकताच आला होता.

‘झालं ना, वहिनी?’ मानसिंग म्हणाला.

‘कुलूप खिशात ठेवा. मशिनला अजून हात लागायचाय.’

गिरीराज पडद्याकडे बघत म्हणाला, ‘अक्का, मेमरी कमी पडली की मशिन आपला पसारा डिस्कवर मांडतं. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मेमरी. पण डिस्कचा हा सी कप्पा तुम्ही खेळांनी गच्च भरलाय. पसारा मांडायला जागाच नाही. डी कप्पा मात्र सगळा रिकामा. का?’

सोयरा जरा घुटमळली. ‘तो मी राखून ठेवलाय.’

‘कशासाठी?’

‘असावा बाई एक कप्पा. कोणी आलं-गेलं तर.’

मला हसू आवरेना. मानसिंगही मिशीत हसला. सोयराचे कान लाल झाले.

‘हसा!’ ती म्हणाली. ‘सासरचं वळण आहे, लागायचंच. गिरी, तू ऊठ. कुठे दाबायचं ते सांग. माझ्या घरातली खोली मी उघडणार.’

तो सांगत गेला, ती दाबत गेली: कंट्रोल पॅनल, मग सिस्टिम, मग व्हर्च्युअल मेमरी. सीच्या जागी डी निवडला. तेवढ्यात मशिनच विचारू लागलं, असं करणं धोक्याचं आहे, नक्की करायचं का?

‘बघा भावजी, ह्यालासुद्धा तुमच्यासारखीच काळजी!’ म्हणत तिने ‘हो’ ठोकलं.

मशिन बंद होऊन परत सुरू झालं. तिने खेळ उघडला. पडदा काळा झाला, आणि मोटारीने अशी डरकाळी फोडली की रस्त्यावरची पोरं धावतच आत आली. दारात चपलांचा ढीग पडला.

मानसिंग कुलूप हातात धरून उभाच.

‘आणलंच आहे तर मागच्या न्हाणीला लावा,’ सोयरा म्हणाली. ‘तिथलं कुलूप मोडलंय.’

त्याने लावलंही. आणि कुलूप घालण्याची भाषा पुन्हा कधी काढली नाही.

पुढल्या वर्षी श्रावणात सोयरा झोपेतच गेली. आदल्या दिवशी ती बसने मार्केटात गेली होती, नवा खेळ आणायला. दुकानदार म्हणाला, ‘अक्का, तुमच्या जुन्या मशिनवर हा चालायचा नाही.’ ही म्हणाली, ‘तू दे रे, चालवायचं मी बघते. सरी? ठीक ना?’ घरी आली, मला कोथिंबिरीची जुडी दिली, पाय धुतले आणि खेळ चढवायला बसली.