आई कोर्टात झोपली

मंडळी, आज आईला घेऊन कोर्टाच्या नव्या इमारतीत गेलो होतो. काकांनी आमच्या कर्वेनगरच्या घरावर दावा लावलाय, त्याची तारीख होती.

जुन्या इमारतीत आई दिवसभर दाराशी उभी राहायची. पाणी प्यायलाही हलायची नाही. नावाचा पुकारा झाला आणि आपण नसलो तर घर जाईल, ही भीती.

आज आत शिरलो तर मोठा चौक, मधोमध बकुळीचं झाड, भोवती पाठ टेकता येईल अशी बाकं. भिंतीवर पाटी: "बसा. पुकारा इथे ऐकू येतो."

पुण्यातली पाटी, आणि चक्क 'बसा' म्हणते! मी दोनदा वाचली.

आई बसली. थोड्या वेळानं बघतो तर गाढ झोपलेली. बाबा गेल्यापासून दिवसा तिचा डोळा लागलेला मी पाहिला नव्हता.

पट्टेवाले जवळ आले. जुन्या इमारतीत नावं ओरडून यांचा घसा कायम बसलेला असायचा. आता पुकारा स्पीकरवर होतो. हळूच म्हणाले, "पुढचा नंबर तुमचा. सावकाश उठवा त्यांना."

निकाल नाहीच, पुढची तारीख मिळाली. पण मी अजून त्या बाकापाशीच अडकलोय. ते तिथे ठेवणाऱ्या आर्किटेक्टची आईही कधी कोर्टाच्या दाराशी उभी राहिली असेल का हो?