तळमजल्यावरची तक्रार

जन्माचे दाखले देणाऱ्या त्या बाईंचं खरं नाव कार्यालयात कुणी घेत नसे. खिडकीमागं बसून त्यांनी निम्म्या गावाचे दाखले छापले होते, म्हणून त्या दाखलेबाई. आवाज असा खणखणीत, की समोरची रांग आपोआप सरळ व्हायची. साहेबसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. अशी बाई कुणावर जळत असेल, हे शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. पण ती जळत होती, आणि तेही तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईवर.

झालं होतं असं. लेकीचं संगणकाचं शिक्षण शेवटच्या वर्षाला आलं, तेव्हा कॉलेजनं सांगितलं, कुठंतरी प्रत्यक्ष काम करून या. दाखलेबाईंनी साहेबांच्या मागं लागून लागून तिला आपल्याच कार्यालयाच्या संगणक विभागात चिकटवलं. मनात सगळं रंगवून ठेवलेलं. सकाळी मायलेकी एका बसनं यायचं, दुपारी एक डबा उघडायचा, संध्याकाळी अख्ख्या कार्यालयाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत घरी जायचं. पहिल्या दिवशी त्या डबा उघडून बसल्या, तर लेकीचा फोन. "आई, मी वर मॅडमबरोबर जेवतेय. तू घे जेवून."

मॅडम म्हणजे संगणक विभागाच्या प्रमुख. बारीक कापलेले केस, पायात पळायचे बूट, बोलणं हळू. त्या दिवसापासून या मॅडम जणू दाखलेबाईंच्या घरीच राहायला आल्या. "मॅडम म्हणतात, बंद पडलेल्या यंत्रावर चिडायचं नाही." "मॅडमना तीन भाषा येतात." मॅडम चहात साखर घेत नाहीत म्हटल्यावर लेकीनंही साखर सोडली. कपाच्या तळाची साखर बोटानं निपटून खाणारी पोर! दाखलेबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या मॅडमना मुलंबाळं नाहीत का गं?"

"आहेत की, दोन."

"मग त्यांच्याकडं बघावं म्हणावं जरा."

लेक खो खो हसली. आई गंमत करतेय असंच तिला वाटलं.

मग एक दिवस दाखलेबाईंचं नेट खरोखरच गेलं आणि ते बघायला लेक खाली आली. पाठीला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. टेबलाखाली शिरली, वायर बदलली, जाताना आईच्या बाटलीतलं पाणी प्यायली. तेवढा वेळ दाखलेबाई रांगेकडं असं बघत होत्या, की जणू सगळ्यांना दाखले त्या पोरीमुळंच मिळताहेत.

बाकीच्या तक्रारी वरूनच मिटायच्या. मॅडमनी पोरांना शिकवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर बसूनच खालच्या संगणकाचा पडदा ताब्यात घ्यायचा. पडद्यावरचा बाण भूत शिरल्यासारखा आपोआप फिरायचा आणि काम व्हायचं. माणूस यायचा नाही. पण नेटची वायरच निघाली, तर वरून कुणाच्या बापाला काही करता येत नव्हतं, कुणालातरी जिना उतरावाच लागे. हे दाखलेबाईंच्या बरोबर ध्यानात आलं.

त्यानंतर त्यांचं पेन फार पडायला लागलं. पेन पडायचं, बाई वाकायच्या, वायरचा खटका दाबून ती बोटभर मागं ओढायच्या, आणि वर येऊन कपाळाला हात लावायच्या. "गेलं बाई पुन्हा!" रांग चुळबुळायची. लेक यायची, खटका सैल झालाय म्हणायची, वायर बदलायची. पुढच्या खेपेला भिंतीतला जोड बदलायची. शेजारच्या टेबलावर शिक्के मारणारे शिक्केभाऊ म्हणाले, "बाई, तुमच्या टेबलाला नजर लागली." दाखलेबाई गालात हसल्या.

एका संध्याकाळी लेक घरी आली ती पडल्या चेहऱ्यानं.

"आई, तुझी तक्रार परत परत उलटतेय. मिटवलेली तक्रार पुन्हा आली, की जिनं मिटवली तिच्या नावावर लागते. कॉलेजला माझा शेरा मॅडमनी लिहायचाय. तो खराब गेला, तर वर्ष जाईल माझं."

दाखलेबाईंना आधी, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. आता बिनसणार! "असली कसली गं तुझी मॅडम? एवढ्याशा वायरीसाठी?"

"त्यांचं काय चुकलं? माझंच काम कच्चं आहे."

हे मात्र काळजात घुसलं. पोरगी स्वतःला नावं ठेवायला तयार, पण त्या बाईला नाही.

दुसऱ्या दिवशी दाखलेबाईंनी खिडकी लावली आणि त्या तरातरा तिसरा मजला चढल्या. भांडायलाच. दारातूनच दिसलं, लेक वायरचं टोक बसवत होती आणि मॅडम शेजारी उभ्या होत्या. "पुन्हा कर. घाई झाली." लेकीनं टोक कापलं, पुन्हा बसवलं. "पुन्हा." घरी एका शब्दाला दहा शब्द देणारी पोर मान खाली घालून "हो मॅडम" म्हणत होती. जे टोक मुळात बिघडलेलंच नव्हतं, ते ती दुरुस्त करायला शिकत होती.

भांडण तोंडातच विरघळलं. "तिची चूक नाही," दाखलेबाई म्हणाल्या. "वायर मी काढते."

मॅडमनी मान वळवली. "का?"

रांगेला दरडावणाऱ्या बाई पुटपुटल्या, "ती खाली यावी म्हणून."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान राग तरी धरता आला असता. "तक्रारीत खरं कारण लिहावं लागेल. ते तुमच्या साहेबांकडं जाईल."

"लिहा."

"लोक रांगेत ताटकळले, तेही लिहीन."

"लिहा म्हटलं ना!"

लेक लालबुंद होऊन भिंतीकडं बघत होती.

दुपारपर्यंत ही गोष्ट जिन्यानं खाली उतरून सगळ्या टेबलांवर फिरली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ज्यांना दाखलेबाईंनी कधी मान वर करू दिली नव्हती, ते शिपाईसुद्धा त्यांच्याकडं बघून खोकायला लागले. घरी लेक अबोला धरून बसली. ताट पुढं ओढायची, जेवायची, उठायची.

मग एका सकाळी ती पिशवी घेऊन खाली आली, टेबलाखाली शिरली आणि वायर प्लॅस्टिकच्या पट्ट्यानं टेबलाच्या पायाला आवळून बांधायला लागली.

"मॅडमनी पाठवलं?"

"त्या दुसऱ्याला पाठवत होत्या. मीच म्हटलं, मी जाते."

दाखलेबाईंनी टेबलाखाली वाकून विचारलं, "आणि शेरा?"

"चांगला देणार आहेत. परीक्षा झाली की परत ये म्हणाल्यात. पगारावर."

"येशील?"

"न यायला काय झालं? असं शिकवणारं माणूस मिळतं का? कात्री दे. पट्ट्याचं टोक कापायचंय."

दाखलेबाईंच्या जिभेवर बरंच काही आलं. तिला शिकवायला मी काय कमी पडले, इथपासून मॅडमच्या त्या बुटांपर्यंत. त्यांनी ते सगळं गिळलं, कात्री टेबलाखाली दिली आणि खिडकीबाहेर तोंड करून रोजच्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "पुढचं कोण? या!"

"आई, हळू," खालून लेक म्हणाली, "कान फुटले माझे."