साखळीमागच्या काकू

ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत काकू दाराची साखळी न काढता बोलत. फटीतून एक डोळा आणि ठरलेला प्रश्न, "काम काय?" मग समोर पोस्टमन असो की सख्खी जाऊ. त्यांच्यामागे सगळे त्यांना चौकीबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

त्यांचा एकुलता एक महेश, माझा मित्र, सीमेवर शहीद झाला, तेव्हापासूनची ही सवय. सुरुवातीला घर माणसांनी भरून गेलं होतं. कोणी डोळे पुसत होतं, कोणी काकूंना फोटोसाठी थोडं इकडे बघायला सांगत होतं. महिनाभरात जिना ओस पडला. मग कोणी हार घेऊन आलं की काकू आधी म्हणत, "त्याची एक गोष्ट सांगा." "फार शूर होता हो," म्हणणाऱ्याचा हार दाराबाहेरच राही. मी म्हणालो, "पालीला घाबरायचा." साखळी निघाली.

एका वर्षी त्याच्या स्मृतिदिनी मंडळाने चौकात महेशचा बॅनर लावला आणि दिवा लावायला काकूंना बोलावलं. त्या बॅनरकडे बघतच राहिल्या. "तोंड महेशचं. खांदे कुणाचे?"

वर्दीतला फोटो काकूंनी कुणाला दिलाच नव्हता. त्यामुळे फ्लेक्सवाल्याने कॉलेजातला चेहरा कुणा दुसऱ्याच जवानाच्या धडावर चिकटवला होता.

"काकू, लांबून कळत नाही," अध्यक्ष म्हणाला.

"ज्याचं धड आहे त्यालाही आई असेल ना रे? तिला लांबून कळेल."

बॅनर उतरवला गेला. त्यांना घरी सोडायला मी गेलो, तर दारातच वळून म्हणाल्या, "आणि तू? दरवर्षी या दिवशी येतोस. बिल्डरने पाठवलंय का?" तेव्हा चाळ पाडून टॉवर बांधायचं घाटत होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही दोघं भरतीला गेलेलो, काकू. माझी छाती कमी भरली. मी घरी आलो, तो गेला. माझं लग्न झालं, मुली झाल्या. दर वेळी वाटतं, मी त्याच्या वाटणीचं जगतोय."

काकू म्हणाल्या, "छाती कमी भरली हा काय गुन्हा झाला? मला वाटलं, खोलीसाठी येतोस." आत जाऊन त्यांनी ट्रंकेतून महेशचा वर्दीतला फोटो आणला. "ठेव तुझ्याकडे. कुणालाही देऊ नकोस."

काकू गेल्या वर्षी गेल्या. जाईपर्यंत, मी आलो की त्या आधी फटीतून बघत, मगच साखळी काढत. त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास बसला होता, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

यंदा मंडळाची नवी पोरं तो फोटो मागायला माझ्या दारी आली. मी साखळी न काढता विचारलं, "काम काय?" मग म्हणालो, "महेशची एक गोष्ट सांगा."

तो गेला तेव्हा या पोरांतली काही जन्मलीही नव्हती. शेवटी एक जण चाचरत म्हणाला, "काका, त्याचं काही माहीत नाही. पण त्याच्या आईने एकदा त्याचा बॅनर उतरवायला लावलेला."

मी साखळी काढली.